कुलसचिव महोदय, टक्केवारी राहू द्या, कामातली अडचण विचारा

प्रति,
मा. कुलसचिव,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : दिव्यांग व दीर्घ आजार असलेल्या कर्मचाऱ्यांकडून मागवली जाणारी वैद्यकीय कागदपत्रे

महोदय / महोदया,

मी विदर्भातल्या एका विद्यापीठात शिकवते. काही वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. मग कधी एका डोळ्याने धूसर दिसते, कधी पाय उचलत नाहीत, कधी सकाळी दहालाच असा थकवा येतो की खडू धरवत नाही. उष्णता वाढली की लक्षणेही वाढतात. मधले काही आठवडे अगदी ठीक जातात, आणि त्या दिवसांत मला पाहणाऱ्याला मी आजारी आहे हे सांगूनही पटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. हा आजार त्यांत नावानिशी आहे.

मी विद्यापीठाकडे काय मागितले, ते आधी सांगते. उन्हाळी परीक्षांत दुपारच्या सत्राचे पर्यवेक्षण देऊ नये, त्याऐवजी सकाळचे द्यावे. माझे तास तळमजल्यावरच्या वर्गात लावावेत. संगणकावर उत्तरपत्रिका तपासताना सलग बसण्याची सक्ती नसावी, दिवसाचा कोटा मी पूर्ण करीन, पण मधे उठू द्यावे. यात विद्यापीठाला एक रुपयाचाही खर्च नव्हता. सोबत मेंदूविकारतज्ज्ञांचे पत्र होते. कडक उन्हाच्या वेळी फार काळ उभे राहणे आणि जिने चढणे टाळावे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

आस्थापना विभागाचे उत्तर आले. आजाराचे संपूर्ण स्वरूप कळवावे, सदर आजार बरा होणार आहे किंवा कसे याचा खुलासा करावा, एमआरआयचा अहवाल आणि उपचारांची सर्व कागदपत्रे जोडावीत, आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सादर करावे, म्हणजे प्रकरण पुढे पाठवता येईल. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तीन तास फिरत राहिल्यावर माझे काय होते, हे त्या पत्रात कुणीही विचारले नव्हते. माझ्या डॉक्टरांनी नेमके तेवढेच लिहून दिले होते.

हे माझ्या एकटीचे गाऱ्हाणे असते तर मी तुम्हा सर्वांना पत्र लिहिले नसते. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांशी बोलते तेव्हा हाच अनुभव थोड्याफार फरकाने ऐकू येतो. कर्मचारी सांगतो अडचण, आणि कार्यालय मागते टक्केवारी.

टक्केवारी कशी ठरते तेही सांगते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, दिलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हायचे. मी गेले तो डिसेंबरचा दिवस होता. हवा थंड होती, आदल्या दिवशी सुट्टी असल्याने विश्रांतीही झाली होती. बाकांवर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास असलेली माणसे बसली होती. एक आजोबा नातवाच्या पाठीवर बसून आले होते. माझी पाळी आली तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितले. मी चालले. हातांची ताकद पाहिली, ती त्या दिवशी चांगली होती. डॉक्टरांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. समोर दिसले ते त्यांनी नोंदवले, आणि आकडा चाळिसाच्या आत आला. मेमधल्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर मी कशी असते, हे डिसेंबरच्या सकाळी त्या खोलीत दिसणार तरी कसे? आकडा कार्यालयात पोचला, आणि दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असल्याने विनंती मान्य करता येत नाही, असा शेरा मारून माझी नस्ती बंद झाली.

महोदय, हा शेरा कायद्याला धरून नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

2016 च्या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक दिव्यांग व्यक्तीची : जिला दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित कमतरता आहे आणि समोरच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, अशी व्यक्ती. या व्याख्येत टक्का नाही. दुसरी व्याख्या लक्षणीय दिव्यांगत्वाची, म्हणजे 40 टक्के आणि त्याहून अधिक. ही दुसरी व्याख्या नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोय, म्हणजे अडचण दूर करणारा कामातला आवश्यक बदल, देण्याचे बंधन घालणारे कलम 20 पहिल्या व्याख्येतल्या सर्वांना लागू आहे. वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच, असे याच कायद्याची भेदभावाची व्याख्या सांगते.

ही माझी पदरची मांडणी नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी याच मुद्द्यावर निकाल दिला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. लक्षणीय दिव्यांगत्वाच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितले की या दोन व्याख्यांची सरमिसळ करता येणार नाही, आणि वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. त्यानंतर ओमकार गोंड यांच्या वैद्यकीय प्रवेशाचा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल ऑक्टोबर 2024 मध्ये आला. तिथे प्रश्न उलट बाजूने आला होता : टक्का जास्त म्हणून विद्यार्थी अपात्र. न्यायालय म्हणाले, नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवू नका, ही व्यक्ती प्रत्यक्षात काय करू शकते ते मंडळाने तपासावे. टक्का कमी असो वा जास्त, माणूस काम कसे करतो हे त्यातून कळत नाही, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी सांगून झाले आहे.

तरीही आपल्या कार्यालयांत 40 चा आकडा का मागितला जातो? आस्थापनेत काम करणाऱ्यांशी मी मोकळेपणाने बोलले आहे. त्यांच्या मनात आकस आहे असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे नमुनाच नाही. वाजवी सोयीसाठी अर्ज कसा घ्यायचा, कोणता कागद पुरेसा मानायचा, कुणाच्या सहीने आदेश काढायचा, हे कुणी त्यांना लिहून दिलेले नाही. मग हाताशी असलेला साचा वापरला जातो, आणि तो असतो वैद्यकीय रजेचा. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 आहेत, आपल्याकडचा कारभारही त्याच वळणाचा. रजेच्या प्रकरणात आजार काय, किती दिवसांचा, परत रुजू होण्यास योग्य आहे का, हे विचारणे रीतसर असते, कारण तिथे माणूस काम करू शकत नाही असे सांगत असतो. सोय मागणारा माणूस सांगत असतो की मला काम करायचे आहे आणि अमुक बदल झाला तर मी ते नीट करीन. त्याला रजेच्या साच्यातले प्रश्न विचारले की त्याला पहिली शंका येते ती नोकरीची. आजार बरा होणार आहे किंवा कसे, हे वाचल्यावर माझ्याही मनात तेच आले होते. खरे तर सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही, असे कलम 20 मध्येच म्हटले आहे. आहे ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचे जादा पद. पण हे कलम कर्मचाऱ्याला कुणी सांगत नाही, आणि प्रश्नांचा सूर मात्र असा असतो की भीती वाटावी.

दुसरे कारण लेखापरीक्षणाचे. उद्या लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला तर कागद हवा, असे मला प्रामाणिकपणे सांगण्यात आले. आयकरातली दिव्यांगांसाठीची वजावट, व्यवसाय करातली सूट, वाहतूक भत्ता, आरक्षणातून नेमणूक, या सगळ्यांत पैसा किंवा पद आहे. तिथे प्रमाणपत्र मागा, पडताळा, खोटे निघाले तर गुन्हा दाखल करा. 2016 च्या कायद्याच्या कलम 91 मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण सकाळचे पर्यवेक्षण आणि तळमजल्यावरचा वर्ग यांत कुठला आर्थिक लाभ आहे, ज्यावर आक्षेप निघावा?

खोट्या प्रमाणपत्रांची चर्चा राज्यात गेली दोन वर्षे जोरात आहे, आणि ती व्हायला हवी. एका खोट्या प्रमाणपत्राने एका खऱ्या दिव्यांग उमेदवाराची जागा जाते. त्याची चीड मला तुमच्यापेक्षा कमी नाही. परंतु त्या चर्चेची सावली आता प्रत्येक दिव्यांग कर्मचाऱ्यावर पडू लागली आहे. मोठ्या अक्षरांचा मॉनिटर मागणाऱ्या लिपिकाकडे, स्वच्छतागृहाजवळ टेबल मागणाऱ्या कर्मचाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. स्वच्छतागृहाजवळचे टेबल मिळावे म्हणून कोण खोटे बोलेल? विकास कुमार निकालात गैरवापराच्या भीतीचाही विचार झाला आहे, आणि त्या भीतीपोटी खऱ्या गरजूला दारातून परत पाठवता येणार नाही, हीच न्यायालयाची भूमिका आहे.

आता गोपनीयतेबद्दल. याच्याविषयी लिहिताना माझा हात अजूनही जड होतो.

माझी कागदपत्रे आवक विभागात दिली, तिथे त्यांच्यावर शिक्का बसला. नस्ती आस्थापनेत गेली, तिथून विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राकडे अभिप्रायासाठी, मग वित्त विभागाकडे, मग पुन्हा आस्थापनेत, शेवटी माझ्या विभागप्रमुखांकडे. प्रत्येक टेबलावर टिपणी जोडली गेली. एमआरआयचा अहवाल सगळ्यात वर टाचलेला होता. फाईल उघडली की आधी तोच दिसे. एक दिवस वेतन विभागात दुसऱ्याच कामासाठी गेले, तर तिथल्या बाईंनी आपुलकीने विचारले, ‘‘मॅडम, मेंदूचं काहीतरी निघालं म्हणे?’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी माझ्या सासूबाईंनाही तोवर हे सांगितले नव्हते. पुढच्या महिन्यात माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी दबकत येऊन म्हणाली, ‘‘मॅडम, सगळे म्हणतात गाईड बदलून घे. घेऊ का?’’ तिला दोष कसा देऊ? तिच्या पाच वर्षांचा प्रश्न होता.

आज मी माझा आजार या पत्रात स्वतःहून लिहिते आहे. कुणाला काय सांगायचे हे मी ठरवणे वेगळे आणि फाईलने ते परस्पर सांगत फिरणे वेगळे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 2017 मध्ये एकमताने सांगितले. दिव्यांग कायद्याच्या कलम 22 प्रमाणे नोंदी ठेवाव्या लागतात, असे कार्यालये म्हणतात. जरूर ठेवाव्यात. दिव्यांगत्वाचा प्रकार, कामाचे स्वरूप, दिलेल्या सोयी, एवढी ती नोंद असते. माझ्या मेंदूचा फोटो तिच्यासाठी लागत नाही.

मानसिक आजार असलेल्या सहकाऱ्यांची अवस्था याहून कठीण आहे. मला पायांबद्दल निदान बोलता तरी येते. बायपोलर विकारासाठी वर्षानुवर्षे नियमित औषध घेऊन उत्तम काम करणारा माणूस, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या निकालाच्या कामातून मला वगळा, झोप बिघडली की आजार उसळतो, एवढे साधे सांगायला धजावत नाही. सांगितले तर कागद मागतील, कागद दिला की तो सगळ्या मजल्यांवर फिरेल, आणि मग त्याच्या प्रत्येक रागाला, प्रत्येक चुकीला आजाराचे लेबल लागेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टरांनी पाळलेले गुपित आपल्या आवक-जावक नोंदवहीत उघडे पडते. म्हणून तो माणूस गप्प राहतो, काम करत राहतो, आणि एक दिवस कोलमडतो. तेव्हा मात्र दीर्घ रजेचा अर्ज सगळ्या कागदपत्रांसह येतो, आणि तो लगेच मंजूर होतो.

तासिका तत्त्वावर शिकवणारे तर मागतच नाहीत. त्यांचे सेवापुस्तक नाही, आस्थापनेत त्यांची फाईल नाही, पुढच्या सत्रात बोलावतील की नाही याची खात्री नाही. कंत्राटदाराकडून आलेल्या सुरक्षारक्षकांचे आणि सफाई कामगारांचेही तेच. खाली जे मागते आहे ते त्यांच्यासाठीही मागते आहे, हे कृपया गृहीत धरावे.

माझी मागणी एका पानाची आहे. प्रत्येक विद्यापीठाने वाजवी सोयीसाठी एक पानी नमुना करावा. त्यात डॉक्टरांनी एवढेच लिहावे : कामाच्या कोणत्या भागात अडचण येते, कोणत्या बदलाने ती दूर होईल, आणि ही स्थिती कायमची आहे, कमीजास्त होणारी आहे की काही काळापुरती. कमीजास्त होणारी हा पर्याय नमुन्यात हवाच. मल्टिपल स्क्लेरोसिस, अपस्मार, सिकलसेल, मानसिक आजार, हे सगळे त्यात मोडतात, आणि विदर्भात सिकलसेल किती घराघरांत आहे हे मी इथल्या लोकांना काय सांगू. निदानाचे नाव लिहायचे की नाही ते कर्मचाऱ्याने ठरवावे. जे डोळ्यांना दिसते त्याला कागद मागू नये. व्हीलचेअरवरून येणाऱ्या माणसाला रॅम्प हवा, हे सिद्ध करायला सिव्हिल सर्जनची सही कशाला? स्थिती कायमची असेल तर तोच कागद दरवर्षी नव्याने मागू नये. तो मागताना प्रत्येक वेळी एक रजा जाते, आणि पुष्कळदा दुसऱ्या माणसाचीही जाते, सोबत येणाऱ्याची.

आलेला कागद एकाच नियुक्त अधिकाऱ्याकडे बंद लिफाफ्यात राहावा. विभागप्रमुखाला फक्त आदेश मिळावा : अमुक यांना दुपारचे पर्यवेक्षण देऊ नये. कारण कळण्याची त्यांना गरज नाही. विद्यापीठाला खरोखर शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे, पण त्याचा खर्च विद्यापीठाने करावा आणि शंका काय आहे ते लेखी कळवावे. निर्णय होईपर्यंत तात्पुरती सोय सुरू करावी. एक सत्र निघून गेल्यावर मिळालेल्या तळमजल्याच्या वर्गाचा त्या सत्राला काही उपयोग नसतो. नकार द्यायचाच असेल तर कारणांसह द्यावा. कायदा तुमच्यावर अवाजवी बोजा टाकत नाही, तशी अट वाजवी सोयीच्या व्याख्येतच आहे. तेव्हा बोजा कसा पडतो ते लिहून दाखवावे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत काम करणारी मराठी माणसे आपल्यात कितीतरी आहेत. त्यांना विचारून पाहावे. तिथे 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती सेवेच्या फाईलपासून वेगळी, गोपनीय ठेवावी लागते, आणि दिव्यांगत्व किंवा सोयीची गरज उघड दिसत नसेल तरच, तेही लागेल तेवढेच, कागद मागता येतात. तिथे सगळे सुरळीत आहे असा माझा दावा नाही, लढावे तिथेही लागते. पण वेगळी फाईल ठेवायला फार पैसे लागत नाहीत, एवढे मात्र त्यावरून दिसते.

आपल्याकडेही पाया तयार आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे आहे. कलम 23 प्रमाणे शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची उच्च शिक्षण संस्थांसाठीची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे 2022 पासून आहेत. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. आपल्या विद्यापीठाचा तक्रार निवारण अधिकारी कोण, हे आपल्याच आस्थापना विभागातल्या कुणालाही आज विचारून पाहावे, ही विनंती.

हे पत्र मी नावाशिवाय लिहिते आहे, कारण माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध अजून व्हायचा आहे. तिने गाईड बदललेला नाही.

उन्हाळी परीक्षांच्या पर्यवेक्षणाचे आदेश निघायला अजून अवकाश आहे. व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा एक पानाचा नमुना ठेवावा, मंजूर करावा आणि परिपत्रक काढून ते विभाग, महाविद्यालये आणि कंत्राटदार यांच्यापर्यंत पोचवावे. आणि 40 टक्क्यांच्या शेऱ्याने ज्या नस्त्या आजवर बंद झाल्या आहेत, त्या पुन्हा उघडून संबंधितांना लेखी कळवावे.

आपली,
विद्यापीठातील एक शिक्षिका